धांवांची वही

खेळाच्या नादावर लिहिलेलीं पुस्तकें बहुधा दोन प्रकारचीं असतात. कांहींत विक्रमांचे आंकडे असतात, तर कांहींत खेळाडूंचीं स्तुतिस्तोत्रें. अमेरिकन इतिहासलेखिका डोरिस कर्न्स गुडविन यांचें १९९७ सालीं प्रसिद्ध झालेलें 'वेट टिल नेक्स्ट इयर' हें बालपणाचें आत्मवृत्त या दोहोंत बसत नाहीं. म्हणूनच त्याचा परामर्श घेणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

गुडविनबाईंचा जन्म १९४३ सालीं न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागांत झाला व त्या जवळच्या रॉकव्हिल सेंटर गांवीं वाढल्या. वडील बँकांचे हिशेब तपासणारे अधिकारी, आणि 'ब्रुकलिन डॉजर्स' या बेसबॉल-संघाचे निस्सीम भक्त. मुलगी सहा वर्षांची झाली तेव्हां त्यांनीं तिच्या हातीं एक वही दिली, आणि रेडिओवरील वर्णन ऐकून सामन्याची नोंद सांकेतिक चिन्हांनीं कशी ठेवावी तें शिकविलें. संध्याकाळीं वडील कामावरून परतले कीं मुलीनें वही उघडून दुपारचा सामना त्यांना सांगावा, असा नेम पडला. तीच हकीकत दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत सविस्तर छापून येते, हें मात्र वडिलांनीं तिला कधींच कळूं दिलें नाहीं. आपण सांगितलें नाहीं तर बाबांना निकाल समजणारच नाहीं, अशी तिची भाबडी समजूत! आमच्या मतें या मौनांतच पुस्तकाचें मर्म सांठविलेलें आहे.

आईची कथा याच धाग्यानें जोडलेली आहे. आई हृदयविकारानें खंगलेली. तिनें आपल्या लहानपणच्या गोष्टी सांगाव्या, म्हणजे ती पुन्हां पूर्वीसारखी धडधाकट होईल, या आशेनें मुलगी तिला आग्रह करी. बापाला सामना सांगणें आणि आईकडून गोष्टी ऐकणें, यांतच पुढच्या इतिहासकर्तीचें शिक्षण झालें. हें लेखिका कोठेंही प्रौढी न मिरवितां दाखविते.

पुस्तकाचें नांव म्हणजे ब्रुकलिनकरांचा ठरीव उद्गार: 'पुढच्या वर्षीं पाहूं!' १९४१ ते १९५३ या काळांत 'वर्ल्ड सीरिज' या निर्णायक मालिकेंत डॉजर्स पांच वेळां त्याच शहरांतील यांकीज संघाकडून हरले. अखेर १९५५ सालीं सातव्या सामन्यांत जॉनी पॉड्रेसच्या चेंडूफेकीपुढें यांकीजना एकही धांव काढतां आली नाहीं, आणि डॉजर्स २-० असे जिंकले. परंतु १९५७ चा हंगाम संपतांच मालक वॉल्टर ओमॅली यांनीं संघ लॉस अँजिलीसला हलविला. १९५८ सालीं आई वारली. १९६० सालीं एबेट्स फील्ड हें डॉजर्सचें जुनें मैदानही पाडण्यांत आलें.

येथेंच आमचा मतभेद आहे. संघाचें जाणें आणि आईचें जाणें हीं दोन दुःखें लेखिकेनें इतकीं जवळ आणून ठेविलीं आहेत कीं, त्यांतील भेद पुसट होतो. मृत्यूपुढें कोणाचाच इलाज नसतो. संघ नेणें हा मात्र एका धन्यानें हिशेब करून घेतलेला निर्णय होता. हजारों कुटुंबांनीं ज्याला आपलें मानलें, तें कायद्यानें दुसऱ्याच्या मालकीचें होतें, या कटु सत्याची अधिक परखड चिकित्सा इतिहासलेखिकेकडून अपेक्षित होती. डोळ्यांत पाणी आणून हा प्रश्न सुटत नाहीं.

तथापि पुस्तकाचें उत्तर अगदींच दुबळें नाहीं. पुढें लेखिका बोस्टनच्या रेड सॉक्स संघाची चाहती झाली. फेनवे पार्कवर मुलांसमवेत बसली असतां तिला आपले वडील शेजारीं असल्याचा भास होतो. ज्या आजोबांना मुलांनीं कधीं पाहिलें नाहीं, ते त्यांना या खेळाच्या गोष्टींतून भेटतात. धन्यानें संघ नेला, पण वही ठेवण्याची रीत त्याला नेतां आली नाहीं.

बेसबॉलचे नियम ठाऊक नसलेल्या वाचकांसही हें पुस्तक परकें वाटणार नाहीं. घरांतील वडीलधाऱ्यांनीं तर तें अवश्य वाचावें, आणि आपणांस आधींच ठाऊक असलेली बातमी मूल उत्साहानें सांगूं लागलें, तर ती शेवटपर्यंत ऐकून घ्यावी.