नाथांघरचे श्राद्ध : दृष्टांत कुठे थांबवावा?

भाद्रपद वद्य पक्ष लागला की कीर्तनात नाथमहाराजांच्या घरचे श्राद्ध येतेच. मीही चाळीस वर्षे तो दृष्टांत सांगितला. आता आवाज उतरला, गुडघे उभे राहू देत नाहीत. मंडपात मागे बसून मी तरुण कीर्तनकारांचे ऐकतो. जे सांगताना उमगले नाही, ते ऐकताना उमगू लागले आहे. म्हणून हे चार शब्द. यात कुणाचा उणेपणा काढायचा नाही, काढलाच तर आधी माझा.

कथा सर्वांना ठाऊक आहे. महिपतीबाबांनी ‘भक्तिविजय’ (शके १६८४) आणि ‘भक्तलीलामृत’ (शके १६९६) या दोन्ही ग्रंथांत नाथचरित्र गायिले आहे. पैठणास नाथांच्या घरी पितृतिथी होती. स्वयंपाक सिद्ध झाला, त्याचा वास रस्त्यावर गेला. अंत्यज म्हणून ज्यांना गावाने दूर ठेवले होते, अशी काही माणसे वाटेने चालली होती. असे अन्न आपल्या नशिबी कुठले, हे त्यांचे बोलणे नाथांच्या कानी पडले. नाथांनी त्यांना बोलावले आणि श्राद्धाचे अन्न पोटभर वाढले. मग घर सारवून पुन्हा चूल पेटली. ब्राह्मण जेवायला येईनात, तेव्हा पितर स्वतः पानावर येऊन बसले.

आपण सारे गजर कुठे उचलतो? पितर उतरले तिथे. मृदंग चढतो, टाळकरी पावली धरतात, श्रोत्यांच्या अंगावर काटा येतो. रुसलेल्या ब्राह्मणांची फजिती सांगून थोडा हशाही मिळवतो. चमत्कार खोटा असे मी म्हणत नाही, संतचरित्रात तो शोभतोच. पण तो शेवटी घडला. ज्या क्षणी नाथांनी वाटेवरच्या माणसांना हाक मारली, त्या क्षणी पितर येतील याची हमी कुणी दिली होती? हमी असती तर त्यात नाथांचे मोठेपण ते काय राहिले? नाथांनी वर्षाची तिथी पणाला लावली होती. आपण शेवट आधीच मनात धरून सांगतो, आणि हे पणाला लावणे श्रोत्यांना दिसतच नाही.

दुसरी चूक अलीकडची. काही मंडळी सांगतात की नाथांनी श्राद्ध मोडीत काढले. तसे असते तर दुसऱ्यांदा चूल कशाला पेटली असती? पहिले अन्न दुसऱ्यांच्या मुखी गेले, ते पितरांना चालणार नाही हे नाथ जाणत होते. म्हणून घर पुन्हा शुद्ध केले, नवे अन्न शिजवले आणि ब्राह्मणांची वाट पाहिली. ही दुसरी चूल गिरिजाबाईंची. सकाळपासून राबलेल्या त्या माउलीने एका दिवसात दोनदा श्राद्धाचा स्वयंपाक केला, आणि आपल्या कीर्तनात तिच्या वाट्याला एक वाक्यही येत नाही. ज्याला श्राद्ध पोकळ वाटते त्याने ते सोडले तर त्याचे काहीच जात नाही. नाथांची श्रद्धा होती, म्हणूनच त्यांच्या त्या हाकेला मोल आहे.

आता त्या पानांवर कोण होते ते पाहा. श्राद्धात तीन पिढ्यांचा उच्चार होतो. नाथांचे वडील सूर्यनारायण, आजोबा चक्रपाणी, पणजोबा भानुदास. आईवडील नाथांच्या बालपणीच गेले. बापाचा चेहरा आठवत नाही, अशा मुलाला वर्षातली ती तिथी म्हणजे बापाची भेटच. चक्रपाणींनी त्या पोरक्या नातवाला वाढवले. आणि भानुदासांनी विजयनगराहून विठ्ठलमूर्ती पंढरीस परत आणली, असे परंपरा सांगते. ज्याच्या खांद्यावरून सर्वांचा देव घरी आला, त्या पणजोबाला दाराबाहेरची माणसे उपाशी ठेवून घास गोड लागला असता काय? पितर उतरले याचे मला आता नवल वाटत नाही. नाथांनी पितरांना ओळखले होते, इतकेच.

आता माझे सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका गावी पितृपक्षात रात्री माझे कीर्तन होते आणि दुपारचे जेवण यजमानांकडे. त्यांच्याकडे श्राद्ध होते. खीर, वडे, आळूची भाजी, सगळा वास अंगणात भरला होता. शेतावर कामाला येणारी एक बाई दोन लेकरे घेऊन कुंपणाशी उभी होती. घरातले कुणी म्हणाले, “थांब गं, आधी पितर जेवू देत.” वाडी ठेवली, पण कावळा शिवेना. तास गेला. धाकटे पोर आईच्या खांद्यावर झोपून गेले. मी ओट्यावर बसून सारे पाहत होतो. एक शब्द बोललो असतो तर माझ्या शब्दाला मान होता. मी बोललो नाही. पंगत बसली, मी जेवलो.

त्या रात्री मी नाथांघरचे श्राद्धच सांगितले. गजर फार रंगला. सर्वांत मागे ती बाई पोराला मांडीवर घेऊन बसली होती आणि टाळ्या वाजवत होती.

सज्जनहो, तीळ-दर्भ सोडा असे मी सांगत नाही. आपल्या माणसाचे नाव घेऊन पाणी सोडताना डोळे भरतात, ते खरेच असते. पण ज्या अन्नाचा वास दाराबाहेरच्या भुकेल्यापर्यंत गेला, त्या अन्नावर त्याचा हक्क लागला, एवढे नाथांनी शिकवले. कावळ्याची वाट पाहण्याआधी कुंपणाकडे एकदा पाहावे.

आणि तरुण कीर्तनकारांना एक विनंती. हा दृष्टांत सांगताना नाथांनी हाक मारली तिथे क्षणभर थांबा. मृदंगही थांबू द्या. पितर पुढे येतीलच, त्यांची घाई नको. ती हाक श्रोत्यांच्या कानी पडली की मग गजर उचला. मला ते कधी जमले नाही. तुम्हांला जमो.

रामकृष्ण हरि.