मोहावीतली पाणीपाळी

‘फॉलआउट: न्यू व्हेगस’ हा गेम १९ ऑक्टोबर २०१० रोजी अमेरिकेत विक्रीला आला आणि त्याच्या गुणांआधी त्याचे दोष जगभर पोचले. गेमच्या सुरुवातीला तुमच्या डोक्यात गोळी घालून तुम्हाला पुरलेलं असतं. खेड्यातला म्हातारा डॉक्टर मिचेल तुम्हाला वाचवतो. तुम्ही शुद्धीवर येता, तो आपुलकीने चौकशी करतो, आणि ती करताना त्याचं डोकं मानेवर गरगर फिरत राहतं. खांदे स्थिर, आवाज स्थिर, डोकं मात्र तेलाच्या घाण्यासारखं. हा बग पुढे दुरुस्त झाला, पण व्हिडिओ राहिला. आजही या गेमचं नाव काढलं की कोणीतरी तो पाठवतंच.

माझ्या मते हा गेल्या पंचवीस वर्षांतल्या सर्वांत शहाण्या गेमांपैकी एक आहे. हे मी चौसष्टाव्या वर्षी, कळंबला बसून, नातवाने टाकून दिलेल्या संगणकावर तो तीनदा पूर्ण करून म्हणतो आहे. नोकरीची बहुतेक वर्षं मी मराठवाड्यातल्या निरनिराळ्या कालव्यांवर कालवा निरीक्षक म्हणून काढली. तेव्हा माझं मत तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकतो.

कथेची चौकट थोडक्यात अशी. २३ ऑक्टोबर २०७७ला अणुयुद्ध होतं आणि जग दोन तासांत संपतं. गेम घडतो २२८१ मध्ये, म्हणजे दोनशे चार वर्षांनी, नेवाडातल्या मोहावी वाळवंटात. तुम्ही एक कुरियर, म्हणजे निरोप्या. प्रदेशावर तिघांचा डोळा आहे: कॅलिफोर्नियातून आलेलं एनसीआर नावाचं लोकशाही सरकार, रोमन सैन्याची नक्कल करणारी ‘सीझर्स लीजन’ ही गुलामगिरीवर चालणारी फौज, आणि वेगासच्या मनोऱ्यात दोनशे वर्षं जिवंत राहिलेला मिस्टर हाउस हा धनाढ्य. तिघांनाही हवं आहे ते एकच, कोलोरॅडो नदीवरचं हूव्हर धरण.

जगाच्या अंताविषयीच्या बहुतेक कलाकृती अंतावरच भाळलेल्या असतात. स्फोट, पळापळ, मुडदे. आपल्याकडे ‘जगबुडी’ हा शब्द आहे, पण आमच्या भागात बुडून मरण्याची भीती सहसा कोणी बाळगत नाही. इथे काळ मोजायचा तो बहात्तरच्या आधी आणि बहात्तरनंतर. १९७२च्या दुष्काळात मी अकरा वर्षांचा होतो. भेगाळलेल्या जमिनीचे फोटो पुढे पुष्कळ पाहिले, पण तेव्हाचं म्हणून जे आठवतं ते वेगळंच आहे: लाल मिलो, सुकडीच्या रांगा, खडी फोडणाऱ्या बाया, आणि झाडाखाली मांडी घालून मस्टर भरणारा कारकून. सगळं संपल्यावर पहिलं जे उगवलं ते हजेरीपुस्तक होतं. हे ज्याने पाहिलं आहे त्याला झोंबींच्या गेममध्ये फारशी गंमत वाटत नाही. ‘न्यू व्हेगस’मध्ये मला ते हजेरीपुस्तक भेटलं.

गुडस्प्रिंग्ज हे पहिलं गाव. बंदूक कशी धरायची हे शिकवण्यासाठी सनी स्माइल्स नावाची मुलगी तुम्हाला बाहेर नेते. कुठे? गावाच्या पाणवठ्यावर. तिथे गेको नावाच्या मोठ्या सरड्यांनी ठाण मांडलेलं असतं, ते हटवायचे. गाव वसलं आहे ते केवळ तिथलं पाणी स्वच्छ आहे म्हणून. पहिल्या अर्ध्या तासातच गेमने आपला विषय सांगून टाकलेला असतो. बरेच खेळाडू ते ‘बंदुकीचा धडा’ म्हणून पुढे जातात, हा भाग वेगळा.

खेळायचाच असेल तर ‘हार्डकोअर मोड’ चालू करून खेळा. नावाला घाबरू नका. त्यात तहान, भूक आणि झोप यांचे तीन आकडे सतत वाढत राहतात. काडतुसांनाही वजन येतं. औषध घेतलं की जखम लगेच भरत नाही, हळूहळू भरते. तहानेचा आकडा सगळ्यांत वेगाने वाढतो. मग नकाशा तुम्ही वेगळ्या नजरेने वाचू लागता: कुठल्या टेकडीवर शत्रू आहे यापेक्षा कुठल्या हौदात किरणोत्सर्ग नसलेलं पाणी आहे हे पाठ होतं. आमच्याकडे एप्रिलमध्ये कुठल्या वस्तीवरचा बोअर चालू आहे हे लोकांना असंच पाठ असतं.

म्हाताऱ्या हातांसाठीही हा गेम बरा. ‘व्हॅट्स’ ही सोय काळ थांबवते, नेम लागण्याची शक्यता टक्क्यांत दाखवते, आणि चष्मा सावरून निवांत ठरवता येतं. शिवाय बरीच कामं बोलून होतात. बोलण्याचं कौशल्य कमी असेल तर तुमच्या पात्राचं वाक्यच बावळट लिहिलेलं असतं. तेच वाक्य कौशल्य वाढल्यावर वाचा, माणूस बदललेला दिसतो.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्या प्रकरणाकडे येतो. ‘द व्हाइट वॉश’ नावाचं एक छोटं काम आहे. बरेच जण ते करतही नाहीत. एनसीआर सरकारने वेगासच्या बाहेर वाटेकऱ्यांना शेतं दिली आहेत आणि त्यांना पाणी कमी मिळतं आहे. कॉर्पोरल व्हाइट नावाचा एक शिपाई बेपत्ता आहे. तपास करत तुम्ही वेस्टसाइड या गरीब वस्तीत पोचता. तिथले लोक सहकारी पद्धतीने शेती करून कसेबसे जगत आहेत, आणि त्यांचं पाणी येतं सरकारी शेतांच्या वाहिनीतून, चोरून. ही सोय करून देणारा टॉम अँडरसन गुंड नाही. गोरगरिबांना औषधपाणी करणाऱ्या, शिकवणाऱ्या ‘फॉलोअर्स’ या संस्थेचा तो माणूस. पाणी कुठे जातं हे व्हाइटला कळलं होतं, म्हणून अँडरसनने त्याचा खून केला आहे.

पुढे काय करायचं ते तुमच्यावर. अँडरसनला लष्कराच्या हवाली करा. किंवा त्याला झाका आणि खुनाचा आळ ‘स्कॉर्पियन्स’ या टोळीवर टाका, म्हणजे वस्तीचं पाणी चालू राहील. शेतावरचे वाटेकरीही काही बागायतदार नाहीत. तेही पोटासाठीच आलेले आहेत, आणि त्यांना वेस्टसाइडचं नावसुद्धा माहीत नसेल.

कालव्यावर मोटर टाकून पाणी उचलणं हा आमच्या खात्याच्या दृष्टीने रोजचा विषय. पंचनाम्याच्या कागदावर मोटरीची अश्वशक्ती लिहायची, पाइपाची लांबी लिहायची, किती क्षेत्र भिजलं ते लिहायचं. ते क्षेत्र कोणाचं, त्याच्या घरी किती माणसं, याला रकाना नव्हता. नसावाच, असं मी आजही म्हणेन, कारण रकाना असता तर पहिल्या दिवशी तो पुढाऱ्यांनी भरला असता. दुसऱ्या बाजूला शेपटाचा शेतकरी, ज्याने नमुना सातचा अर्ज वेळेवर भरला, पाणीपट्टी चुकती केली, तो आपल्या पाळीच्या रात्री कोरड्या चारीत बॅटरी मारत उभा असायचा. या दोघांपैकी कोणाच्याही डोळ्यांत बघून बोलणं सोपं नसतं. ‘द व्हाइट वॉश’ लिहिणाऱ्या माणसाने कालवा पाहिला असेल की नाही, मला कल्पना नाही. पण चोराला गरीब दाखवून त्याने माझी सुटका केलेली नाही. त्याने चोराला खुनी केलं, आणि तरीही पाणी खरंच गरजूंकडे जात ठेवलं. मी पहिल्या वेळी अँडरसनला पकडून दिलं. दुसऱ्या वेळी झाकलं. तिसऱ्या वेळी त्या वस्तीत गेलोच नाही, आणि तेव्हा आपण तिकडे जायचं टाळतो आहोत हे मला नीट कळत होतं.

त्याच शेतांशी जोडलेला दुसरा पेच व्हॉल्ट ३४ या भुयारात आहे. तिथल्या फुटलेल्या अणुभट्टीचं विष झिरपून शेतांच्या पाण्यात येतं. खाली पोचल्यावर कळतं की आत काही माणसं अजून अडकलेली आहेत. त्यांना सोडवलं तर गळती चालू राहते आणि शेतं जातात. गळती थांबवली तर ती माणसं जातात. इथे बोलण्याचं कौशल्य शंभर असलं तरी तिसरा रस्ता नाही. हे भुयार खेळायला कंटाळवाणं आहे, त्याचा नकाशा भूलभुलैया आहे, पण शेवटचं बटण दाबायला मला जो वेळ लागला तेवढा दुसऱ्या कुठल्या गेममध्ये लागलेला नाही.

हेलिऑस वन या सौरऊर्जा केंद्रावर विनोदही आहे. तिथे फँटास्टिक नावाचा प्रमुख तंत्रज्ञ आहे, त्याला कामातलं ओ की ठो कळत नाही आणि आत्मविश्वास अफाट. असा गृहस्थ प्रत्येक खात्यात एक तरी असतोच. केंद्र चालू करून दिल्यावर वीज कोणाला द्यायची ते तुम्ही ठरवायचं: लष्करी तळ आणि झगमगत्या स्ट्रिपला, की गरीब वस्त्यांना, की सगळ्यांना सारखी. ज्याच्या फीडरला शेतीची वीज रात्री मिळते त्याला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही.

आणि मग धरण. गेममधल्या करारानुसार हूव्हर धरणाची बहुतेक वीज दूरच्या कॅलिफोर्नियाकडे जाते, जवळच्या स्ट्रिपच्या वाट्याला पाच टक्के. धरणाच्या भिंतीवरून चालताना मला धनेगावचं मांजरा धरण आठवणं अटळ होतं. मांजरा नदी कळंबला लागून वाहते, म्हणजे वाहते तेव्हा वाहते. धरणाची क्षमता सुमारे २२४ दशलक्ष घनमीटर, आणि त्यावर लातूर, अंबाजोगाई, केज, कळंब अशा गावांची तहान. २०१६ साली ते कोरडं पडलं. त्या मार्चमध्ये लातूरला पाण्याच्या टाक्यांभोवती कलम १४४ लावून जमावबंदी करण्यात आली, आणि १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे पाच लाख लिटर घेऊन आली. पाण्याच्या टाकीपाशी पोलीस उभे राहतात तेव्हा जग संपलेलं नसतं. कचेऱ्या उघड्या असतात, टपाल येतं, लग्नं होतात. ‘न्यू व्हेगस’चं जग असंच आहे, आणि म्हणूनच ते मला काल्पनिक वाटत नाही.

सगळं काही उत्तम आहे असं मात्र नाही. सीझरची लीजन फार पोकळ आहे. तिच्या बाजूने बोलणारे दोनचार चांगले प्रसंग सोडले तर ते लोक खलनायकाच्या वेषातले खलनायकच. वेळेअभावी नदीपलीकडचा बराच भाग वगळावा लागला, असं दिग्दर्शक जॉश सॉयर यांनी पुढे सांगितलं आहे, पण खेळणाऱ्यापुढे जे नाही ते नाही. वेगासची प्रसिद्ध स्ट्रिप लोखंडी फाटकांनी तुकडे पाडलेली आहे, कारण तेव्हाच्या कन्सोलना तेवढी स्मृती झेपत नव्हती. आणि ज्या शेतांवरून एवढं रामायण, ती शेतं म्हणजे मक्याच्या मोजक्या ओळी. एवढ्या पिकाला चारी कशाला, दोन घागरी पुरतील.

आता बग. ऑब्सिडियन या कंपनीला हा गेम करायला सुमारे दीड वर्ष मिळालं, तेही ‘फॉलआउट ३’साठी बेथेस्डाने वापरलेल्या जुन्या इंजिनावर. (तो ‘फॉलआउट ३’ मायक्रोसॉफ्टने २००८ मध्ये ‘सांस्कृतिक संवेदनशीलते’चं कारण देऊन भारतात आणलाच नाही. नेमकं काय खटकलं ते सांगितलं नाही, पण या मालिकेतल्या दोन तोंडांच्या गाईंना ‘ब्राह्मिन’ म्हणतात, त्यामुळे लोकांनी काय तो अंदाज बांधला.) गेम अचानक बंद पडतो. सोबती खडकात रुतून बसतो. सेव्ह केलेली फाइल उघडत नाही. नातू म्हणाला, ‘‘आबा, हा गेम तुमच्यापेक्षा जास्त वेळा डुलकी घेतो.’’ मूळ प्रोग्रॅम दोन जीबीपेक्षा जास्त स्मृती वापरूच शकत नाही, ती मर्यादा चार जीबीवर नेणारा पॅच आणि शेकडो दुरुस्त्या खेळाडूंनी स्वतःच्या वेळात, फुकट तयार केल्या. त्या घातल्याशिवाय खेळू नका. दर वेळी नवीन नावाने सेव्ह करा. लोडशेडिंगमध्ये वाढलेल्यांना ही सवय वेगळी लावून घ्यावी लागत नाही.

बगांना ‘गोड’ म्हणणाऱ्यांतला मी नाही. दोन तासांचं काम गेलं की राग येतो आणि तो यावाच. परीक्षकांनीही गुण कापले. मेटाक्रिटिकवर सरासरी ८५ झाली असती तर ऑब्सिडियनला बोनस मिळणार होता, ती ८४ झाली, असं तिथल्या ख्रिस अ‍ॅव्हेलोन यांनी २०१२ मध्ये सांगितलं. एका गुणासाठी लोकांचा बोनस बुडणं मला पटत नाही, पण गुण देणाऱ्यांनी खोटं लिहिलं असंही म्हणता येणार नाही.

मला वाटतं, या गेमचे बरेचसे बग त्याच्या शहाणपणाच्याच पोटातून आलेले आहेत. एका कामाला चारपाच शेवट, त्यातला प्रत्येक दुसऱ्या कामाला चिकटलेला, कोणालाही कधीही मारायची मुभा, आणि तुम्ही तिसऱ्या गावात काय केलंत ते दहाव्या गावात माहीत असणं. कालव्यावर जितकी दारं जास्त तितक्या गळत्या जास्त. एकच सरळ बंद पाइप टाकला असता तर गळती झाली नसती, पण मधल्या कोणाला पाणीही मिळालं नसतं. असे गुळगुळीत गेम मी खेळलो आहे. त्यांत काही अडत नाही आणि आठवतही काही नाही.

मूळ गेममध्ये पाऊस पडत नाही. धुळीची वावटळ येते, आकाश रंग बदलतं, पण थेंब नाही. मे २०११ मध्ये ‘ऑनेस्ट हार्ट्स’ नावाची पुरवणी आली. तिच्यात तुम्ही एका तांड्याबरोबर युटामधल्या झायन दरीत जाता. तिथे नदी आहे, आणि कधी कधी दरीत पाऊस सुरू होतो. कथेच्या दृष्टीने ही पुरवणी बेताची आहे. लाल खडकाच्या गुहांमध्ये रँडल क्लार्क नावाच्या, युद्धानंतर तिथे एकट्याने जगलेल्या माणसाच्या नोंदी सापडतात, त्या मात्र मुख्य कथेपेक्षा कितीतरी सरस. मोहावीत पन्नाससाठ तास तहानेचा आकडा मोजल्यावर मी तिथे पोचलो, आणि पाऊस आला तेव्हा कळ सोडून हात मांडीवर ठेवले. कोणी हल्ला केला असता तर मेलो असतो. नातवाने विचारलं, ‘‘परत अडकला का?’’ म्हटलं, नाही रे, चालू आहे.