'गॉथिक' आणि 'मोगलाई' : दोन विशेषणांचे अर्थांतर

पदवीच्या वर्गात अर्थपरिवर्तन शिकविताना इंग्रजीतील 'नाइस' या विशेषणाचे उदाहरण हमखास दिले जाते. 'अज्ञ' या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून निघालेले हे विशेषण आधी मूर्ख, मग चोखंदळ आणि शेवटी छान, अशी वळणे घेत आजच्या अर्थापर्यंत आले. उदाहरण मनोरंजक आहे. परंतु त्यातून अर्थ आपोआपच सरकत जातो, असा समज विद्यार्थी करून घेतात. कोण कोणाविषयी बोलत आहे, हा प्रश्न तेथे उपस्थितच होत नाही. 'गॉथिक' या विशेषणाच्या बाबतीत तो टाळता येत नाही.

गॉथ ही जर्मानिक टोळी. तिच्या एका शाखेने इ.स. ४१० मध्ये रोम लुटले. पुढे प्रबोधनकाळातील इटालियन लेखकांनी मध्ययुगीन वास्तुशैलीला तुच्छतेने गॉथांचे नाव दिले. वस्तुतः त्या इमारती गॉथांनी बांधलेल्या नव्हत्या. सतराव्या शतकातील इंग्रजीत 'गॉथिक' म्हणजे रानटी, ओबडधोबड. होरेस वॉलपोलने १७६४ मधील आपल्या कादंबरीच्या दुसऱ्या आवृत्तीच्या उपशीर्षकात हेच विशेषण मिरविले आणि १८५३ मध्ये रस्किनने या शैलीत कारागिराचे स्वातंत्र्य पाहिले. शिवीचे भूषण झाले. मुंबईतील व्हिक्टोरियन गॉथिक इमारती २०१८ साली जागतिक वारसा यादीत गेल्या, त्या याच विशेषणासह.

मराठवाड्यातील अभ्यासकाला याचे समांतर उदाहरण शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. 'मोगलाई' हा शब्द आपल्याच भूमीचे नाव होता.

निजामुल्मुल्क हा मुळात मोगल बादशहाचा दख्खनचा सुभेदार. १७२४ नंतर तो व्यवहारात स्वतंत्र झाला, तरी हैदराबादच्या नाण्यांवर १८५७ च्या उठावापर्यंत मोगल बादशहाचेच नाव राहिले. त्यामुळे पेशवेकालीन मराठी लेखनात निजामाला 'मोगल' म्हटले जाणे स्वाभाविक होते. १७६० साली उदगीरला आणि १७९५ साली खर्ड्याला मराठे लढले ते या 'मोगलां'शी. त्यांचा मुलूख तो मोगलाई. मोगलाई हद्द, मोगलाई गाव. येथवर अर्थ निव्वळ भौगोलिक आहे. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, सोलापूर-नगरकडचा मुलूख इंग्रजी अमलाखाली गेला आणि हद्दीपलीकडचा प्रदेश तेवढा मोगलाई राहिला. 'ही काय मोगलाई लागून गेली?' हा प्रश्न मराठीत रुळला तो या हद्दीअलीकडच्या तोंडून, असे मला वाटते. बोलणाऱ्याच्या मनात कायदा आपल्याकडे आणि अंदाधुंदी पलीकडे, अशी विभागणी आहे.

(शेताच्या कुंपणाला लावतात तो मोगली एरंड मूळचा अमेरिका खंडातला. त्याच्या नावातील 'मोगली'चा अर्थ 'परका' यापलीकडे काही दिसत नाही. बाहेरचे ते मोगली, ही सवय वनस्पतींनाही चुकली नाही.)

निजामाची राजवट अन्यायी होतीच, मग शब्दाला हरकत कशाची, असा आक्षेप येईल. राजवटीचा अन्याय आणि रझाकारांचे अत्याचार नाकारण्याचा येथे प्रश्न नाही. परंतु ज्यांनी तो अन्याय सोसला आणि त्याविरुद्ध लढा दिला, त्यांच्या परंपरेत रूढ झालेले विशेषण 'निजामी' हे आहे. मुक्तिसंग्रामाविषयीचे लेखन पाहावे : निजामी राजवट, निजामी पोलीस, रझाकारी अत्याचार. 'निजामी' थेट राज्यकर्त्याकडे बोट दाखविते. 'मोगलाई' मात्र राज्यकर्ता, मुलूख आणि त्यात राहणारी रयत यांना एकाच पिशवीत घालते. रयतेची दैना हाच रयतेचा स्वभाव ठरतो. मराठवाड्याचे मागासलेपण हे तेथील माणसांच्या संथपणाचे फळ आहे, हा आजही ऐकू येणारा शेरा याच शब्दव्यवहाराच्या शेजारी बसतो. १७ सप्टेंबर १९४८ रोजी ती राजवट संपली. शब्दातील मुलूख मात्र तसाच राहिला.

खेदाची बाब अशी, की नांदेड-लातूरकडची आपण प्राध्यापक मंडळीही 'परीक्षा विभागात नुसती मोगलाई माजली आहे' असे सहज बोलून जातो. आपल्याच आजोबांच्या गावाचा पत्ता आपण बेशिस्तीला प्रतिशब्द म्हणून वापरतो, हे ध्यानातही येत नाही. 'गॉथिक'ला वॉलपोल आणि रस्किन भेटले, कारण निंदा झालेल्या त्या वास्तू इंग्रजांच्या स्वतःच्या गावांत उभ्या होत्या आणि शब्द बदलण्याची सत्ताही त्यांच्याच हाती होती. मोगलाईतल्या माणसाकडे प्रमाण मराठीवरची ती सत्ता नव्हती. हैदराबाद संस्थानात तर १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दू होते.

उपाहारगृहांच्या पाट्यांवर हे विशेषण आज सन्मानाने दिसते. पण ते उत्तरेकडून हिंदी-उर्दूमार्गे आलेले 'मुघलाई' आहे आणि त्याच्या उच्चारातही आपल्या जुन्या शब्दाची खूण उरलेली नाही. मराठी कोशात या शब्दाचा प्रदेशवाचक अर्थ प्रथम, स्थळकाळाच्या निर्देशासह दिला जावा. लाक्षणिक अर्थ त्याखाली यावा आणि तो कोणाच्या बोलण्यातून आला, तेही नोंदवावे.