नम्रता की आज्ञाधारकता? लक्ष्मीबाई टिळक व पंडिता रमाबाई यांच्या लेखनातील ख्रिस्तानुसरणाचा विचार

प्रस्तावना

'स्मृतिचित्रे' वर्गात शिकविताना विद्यार्थ्यांकडून एक प्रश्न हमखास येतो. लक्ष्मीबाई देवाच्या मागे गेल्या की नवऱ्याच्या? प्रश्न भाबडा वाटला तरी त्याचे उत्तर सोपे नाही. ख्रिस्ती जीवनात नम्रता हा मोठा गुण मानला जातो. परंतु पतीपुढे, धर्मगुरूंपुढे किंवा संस्थेपुढे मान तुकविणे म्हणजेच नम्रता असेल, तर त्या गुणात धैर्याला जागा उरत नाही. प्रस्तुत लेखात लक्ष्मीबाई टिळक (१८६८-१९३६) व पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांच्या लेखनाच्या आधारे या प्रश्नाचा विचार करण्याचा प्रयत्न केला आहे.

'स्मृतिचित्रे' १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झाली. ई. जोसेफिन इंक्स्टर यांनी केलेला तिचा इंग्रजी अनुवाद १९५० साली 'आय फॉलो आफ्टर' या नावाने निघाला. 'मी मागोमाग धावते' असा त्या शीर्षकाचा भाव. हेच शब्द जुन्या इंग्रजी बायबलात, पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात आढळतात. तेथे पौल, आपण अद्याप ध्येयास पोहोचलेलो नाही, अशी कबुली देऊन पुढे धावतो. त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ख्रिस्ताने स्वतःला रिक्त करून दासाचे रूप घेतल्याचे वर्णन आहे. हे पत्र बंदिवासातून लिहिलेले आहे, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. म्हणजे स्वतःला रिक्त करणे आणि न थांबता धावणे या दोन गोष्टी मुळातच एकत्र आलेल्या आहेत. त्यांची ताटातूट पुढील काळातील उपदेशाने केली.

पाच वर्षांचे अंतर

नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस झाला. लक्ष्मीबाईंचा १९०० साली. मधली पाच वर्षे हाच वरील प्रश्नाच्या उत्तराचा पहिला पुरावा होय. पतीमागे निमूटपणे जाणे हाच धर्म मानला असता, तर हे अंतर पडलेच नसते. या काळात त्या बराच वेळ नातलगांच्या आश्रयाने, काही काळ पंढरपुरातही, राहिल्या. पुढे टिळकांकडे परतल्यावरही त्यांनी आपले सोवळे आणि आपले पाणी वेगळे ठेवले. पतीवर प्रेम होते, परंतु प्रेमाखातर श्रद्धा उसनी घेतली नाही.

या वेगळ्या ठेवलेल्या पाण्याचा अर्थ कळण्यासाठी ग्रंथाच्या आरंभाकडे जावे लागते. लक्ष्मीबाईंचे वडील सोवळ्याच्या वेडाने इतके ग्रासलेले होते, की त्यांच्या घरी मीठ-साखरही धुतली जाई. स्पर्शाचे भय हे ज्या घराचे नित्याचे वातावरण, त्या घरात वाढलेली मुलगी पुढे एक दिवस स्वतःशीच विचारते, की जातिभेद देवाने केला की माणसाने? उत्तर मिळताच कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय ती करते. हा निर्णय बाप्तिस्म्याच्या आधीचा आहे. म्हणजे येथे धर्मांतर आधी घडते आणि विधी मागाहून येतो.

या प्रसंगी लक्ष्मीबाई कोणतीही घोषणा करीत नाहीत. आजवर आपण स्वतःला इतरांहून शुद्ध समजत होतो, एवढे त्या मान्य करतात. उच्चपणाचा हा त्याग म्हणजेच त्यांची नम्रता. आणि तो त्याग करणे म्हणजे माहेर, सासर व सारा गोतावळा गमावण्याची तयारी ठेवणे, म्हणून तेच त्यांचे धैर्य. एकाच कृतीची ही दोन नावे आहेत.

मराठी समीक्षेने या ग्रंथातील विनोदाचे व प्रांजळपणाचे पुष्कळ कौतुक केले आहे. परंतु हा विनोद केवळ स्वभावविशेष नसून तो आध्यात्मिक दृष्टीचाही भाग आहे. लक्ष्मीबाई स्वतःच्या भीतीला, अज्ञानाला आणि हट्टाला हसतात. टिळकांच्या लहरीपणालाही त्या सूट देत नाहीत. ज्याला स्वतःची मूर्ती घडवावयाची असते, त्याला असे हसता येत नाही. धर्मांतराच्या कथनात 'पूर्वी अंधार, नंतर प्रकाश' असा साचा सहज तयार होतो. येथे मात्र बाप्तिस्म्यानंतरची बाईही पूर्वीइतकीच चुकते, चिडते आणि सावरते.

रमाबाईंचा वाद

रमाबाईंच्या बाबतीत नम्रता व आज्ञाधारकता यांतील संघर्ष उघड शब्दांत झाला. १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर तेथील सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. अँग्लिकन मतांतील काही बाबी, विशेषतः त्रैक्याचा सिद्धान्त, त्यांना त्या वेळी पटत नव्हत्या. क्रुसावर लॅटिन अक्षरांऐवजी संस्कृत असावे, असा त्यांचा आग्रह होता. चेल्टनहॅम येथे पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्याविषयी धर्माधिकाऱ्यांनी घेतलेला आक्षेपही त्यांनी मुकाट्याने स्वीकारला नाही. जेराल्डिनबाईंना यात अहंकार दिसला. रमाबाईंची भूमिका अशी, की देवाने दिलेली सदसद्विवेकबुद्धी कोणाही माणसाच्या हवाली करण्याचा आपणास अधिकार नाही.

दोघींपैकी नम्र कोण? जेराल्डिनबाईंची माया खोटी नव्हती. रमाबाईंनीही नाते तोडले नाही. परंतु ज्या स्त्रीने ब्राह्मणी शास्त्राधिकार नाकारून हा मार्ग धरला, तिने दुसरा शास्त्राधिकार डोळे मिटून पत्करणे म्हणजे केवळ मालक बदलणे ठरले असते. देवापुढे नमणारा माणूस इतरत्र ताठ उभा राहू शकतो. किंबहुना इतरत्र ताठ उभे राहता येणे, हीच देवापुढील नमनाची कसोटी होय.

भाषेतील नम्रता

रमाबाईंवरील अहंकाराच्या आरोपाला खरे उत्तर त्यांच्या पत्रांपेक्षा केडगावात मिळते. १८७८ साली कलकत्त्यास 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्यांनी गौरविलेल्या या विदुषीने आयुष्याची अखेरची वर्षे मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलाचे मराठी भाषांतर करण्यात घालविली. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये, प्रसिद्ध झाले. हे भाषांतर विद्वानांसाठी नव्हते. अल्पशिक्षित स्त्रियांना कळावी अशी साधी मराठी त्यांनी योजिली आणि मुक्तिसदनातील स्त्रियांनीच छपाईच्या कामात भाग घेतला. ज्या संस्कृतने कीर्ती दिली, ती बाजूला ठेवणे हे रमाबाईंचे रिक्त होणे होते.

लक्ष्मीबाईंचा प्रवास याच्या उलट दिशेने झाला. औपचारिक शिक्षण नसलेल्या या बाईंनी टिळकांच्या निधनानंतर (१९१९) अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' हाती घेतले आणि त्याचे बहुतांश अध्याय रचले. एकीने विद्वत्ता खाली उतरविली, दुसरीने अल्पविद्या असतानाही महाकाव्याला हात घातला. पहिलीची नम्रता धैर्याने भरलेली आहे आणि दुसरीचे धैर्य नम्रतेने.

एक मर्यादा

येथे एक आक्षेप लक्षात घ्यावयास हवा. लक्ष्मीबाई व रमाबाई दोघीही ब्राह्मण कुळांतल्या. त्यांना खाली उतरावयास जागा होती. नगर जिल्ह्यात ख्रिस्ती झालेल्यांत मोठा भाग महार व मांग समाजांतील कुटुंबांचा होता. ज्यांना पिढ्यानपिढ्या वाकावयास लावले, त्यांना नम्रतेचा उपदेश करणे हे जुन्याच जोखडाला नवे नाव देणे ठरू शकते. त्यांच्यासाठी ख्रिस्तामागे जाणे म्हणजे प्रथम ताठ उभे राहणे होते. म्हणून या दोन लेखिकांचा अनुभव सर्व ख्रिस्ती जीवनाचा नमुना म्हणून मांडता येणार नाही. मात्र नम्रता ही बलवानाने स्वतःहून स्वीकारावयाची गोष्ट आहे, दुर्बलाकडून वसूल करावयाची नव्हे, हे त्यांच्याच लेखनातून स्पष्ट होते.

निष्कर्ष

लक्ष्मीबाई नवऱ्यामागे गेल्या नाहीत. त्या त्याच वाटेने, पण स्वतःच्या पायांनी आणि पाच वर्षे उशिरा गेल्या. रमाबाईही आपल्या धर्ममातेमागे गेल्या नाहीत. दोघींच्या लेखनात नम्रता म्हणजे स्वतःच्या मोठेपणाचा त्याग, आणि आज्ञाधारकता म्हणजे दुसऱ्याच्या मोठेपणाचा स्वीकार, असा भेद दिसतो. पहिलीतून धैर्य जन्मते, दुसरीतून बहुधा भय. 'स्मृतिचित्रे' केवळ संसाराची रसाळ कथा म्हणून शिकविली, तर हा भेद हातातून निसटतो. वेगळ्या भांड्यात राखलेले ते पाणी ओतून देण्याचा क्षण हा या ग्रंथाचा गाभा आहे, आणि त्या क्षणी लक्ष्मीबाईंच्या शेजारी टिळक नव्हते, त्यांचा स्वतःचा प्रश्न होता.