पोत : कापडाचा आणि मण्यांचा

मराठीत ‘पोत’ या शब्दाचे लिंग बदलले की अर्थ बदलतो. कापडाची वीण हाताला लागते तो पोत. गळ्यात मण्यांची घालतात ती पोत. बुलढाणा जिल्ह्यात मेहकर, लोणार, सिंदखेडराजा या तालुक्यांतील बंजारा तांड्यांवर वृद्ध स्त्रियांनी पेटीत जपलेली वस्त्रे पाहताना मात्र मला हे दोन अर्थ वेगळे काढता येत नाहीत. काचळी, फेटिया आणि टुकरी यांवर आरसे, कवड्या, मणी, नाणी टाक्यांनीच बसवलेली असतात. वस्त्र नेसून झाल्यावर दागिना घालायचा, असा क्रम येथे नाही. बराचसा दागिना वस्त्राबरोबरच अंगावर येतो.

शहरांतील हस्तकला प्रदर्शनांत आता ‘बंजारा नक्षी’ म्हणून मण्यांचे गळ्यातले आणि कानातले विकायला येतात. ते देखणे असतात, याबद्दल वाद नाही. प्रश्न असा, की त्यांत बंजारा भरतकामातले नेमके काय उतरते?

तुलनेसाठी युक्रेनकडे पाहू. तिथल्या ‘विशिवांका’ या भरतकामाच्या सदऱ्यावर फुलीचा टाका कापडाचे दोरे मोजून घालतात. कार्पेथियन डोंगरांतील हुत्सूल लोकांत ‘गेर्दान’ नावाची विणलेली मणीपट्टी गळ्यात घालतात. भरतकामाची नक्षी अशा पट्टीवर सहज उतरते, कारण दोन्हींचा पाया चौकटींचा आहे : एका फुलीच्या जागी एक मणी. नक्षी कापडावरून गळ्यात येते आणि तिचे व्याकरण शाबूत राहते.

बंजारा कामातही मोजून घातलेले टाके आहेत. परंतु काम तेवढ्यावर थांबत नाही. आरशाभोवती टाक्यांचे कडे उभे राहते, कवडी कापडावर उठून दिसते, जाड दोऱ्याने कापडालाच वजन येते. ही उंची आणि हे वजन सपाट मणीपट्टीत मावत नाही. मग मागे उरतात फक्त लाल, पिवळा, निळा हे रंग आणि एक त्रिकोण. तेवढ्यालाच ‘बंजारा’ म्हणणे म्हणजे एखाद्या भाषेचा हेल उचलून शब्द सोडून देणे होय.

दुसरे नुकसान अर्थाचे आहे. डोक्यावरच्या घागरीखालची चुंबळ म्हणजे फुलिया आणि तिच्यामागे मानेवर रुळणारा चौकोनी गणो, ही कवड्यांनी मढवलेली जोडी पाणी वाहण्याच्या रोजच्या कामातून आली. केसांतून गालांवर लोंबणाऱ्या घुगरी-टोपली पाहूनच बाई विवाहित असल्याचे कळते. प्रदर्शनातल्या कानातल्यांत घुगरीचा आकार येतो, ही खूण येत नाही. आकार घेण्यास माझी हरकत नाही. कला अशीच फिरते. हरकत आहे ती, तो आकार काय सांगत होता हे चिठ्ठीवर दोन ओळींतही न लिहिण्याला.

त्याहून गंभीर गोष्ट, जुने फेटिये फाडून त्यांचे तुकडे पिशव्यांवर आणि गळ्यातल्यांत जोडले जातात. असे प्रत्येक वस्त्र म्हणजे एका बाईचे कित्येक वर्षांचे काम असते. तुकडा विकला जातो आणि ती बाई अनामिक राहते.

यावर उपाय आहेत. कर्नाटकातील संडूरच्या लंबाणी भरतकामाला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिथे टाक्यांना किलन, वेले, माकी, पोटे अशी नावे आहेत आणि ती नोंदली गेली आहेत. जुलै २०२३ मध्ये हम्पीला जी-२० बैठकीच्या वेळी लंबाणी स्त्रियांच्या १,७५५ वस्तू एकत्र मांडल्या गेल्या. विक्रमाचा भाग सोडून देऊ. तिथे कारागिरीला स्वतःचे नाव आणि गाव होते, हे महत्त्वाचे. आमच्या शेजारच्या वाशिम जिल्ह्यात पोहरादेवीला ५ ऑक्टोबर २०२४ रोजी बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. आपल्या तांड्यांवरील टाक्यांची गोरबोलीतील नावे, ते घालणाऱ्या हातांसह, तिथे नोंदली जावीत.

मणी बाजारात मिळतो, दोराही मिळतो. टाक्याचे नाव मात्र तो घालणाऱ्या बाईलाच विचारावे लागते आणि पेट्या उघडून दाखवणाऱ्या या स्त्रिया आता सत्तरीपुढच्या आहेत.