घरगुती चित्रपटसंग्रहाची संगणकीय सूची : एक चिकित्सा

प्रस्तावना :

औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथून पैठणकडे जाणाऱ्या रस्त्यावर चितेगाव हे गाव लागते. व्हिडिओकॉन इंडस्ट्रीज या कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय याच गावी असल्याने दूरचित्रवाणी संचाच्या मागील पट्टीवर छापलेला या गावाचा पत्ता महाराष्ट्राबाहेरही पोहोचला. १९८२ मध्ये भारतात रंगीत प्रक्षेपण सुरू झाले आणि त्यानंतरच्या दोन दशकांत चित्रपट पाहण्याची जागा चित्रपटगृहाकडून घराच्या बैठकीकडे सरकली. प्रारंभी व्हीसीआर भाड्याने आणून रात्रभर चित्रपट पाहिले जात. पुढे व्हिडिओ कॅसेट, व्हीसीडी आणि डीव्हीडी विकत घेऊन त्या जपून ठेवण्याची प्रवृत्ती वाढली. जून २०१८ मध्ये उपरोक्त कंपनीची दिवाळखोरी प्रक्रिया सुरू झाली. घरोघरीचे संच कालबाह्य झाले. परंतु त्यांवर पाहिलेले चित्रपट मात्र अनेक घरांच्या कपाटांत, तबकड्यांच्या आणि फितींच्या रूपात, अद्याप शिल्लक आहेत.

या संग्रहांची नोंद कशी करावी, हा प्रश्न वरकरणी छंदाचा वाटतो. वस्तुतः तो सांस्कृतिक दस्तऐवजांच्या जतनाचा प्रश्न आहे. घरगुती चित्रपटसंग्रहाची सूची करणारी अनेक सॉफ्टवेअर आज उपलब्ध आहेत. त्यांपैकी ‘अँट मूव्ही कॅटलॉग’, ‘मूव्ही कलेक्टर’ आणि ‘कोडी’ या तीन प्रातिनिधिक प्रणालींचा मराठी संग्रहाच्या संदर्भात विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

उद्दिष्टे :

१) सूचीकरण सॉफ्टवेअरच्या कार्यपद्धतीचे स्वरूप स्पष्ट करणे.
२) मराठी चित्रपटांच्या नोंदीसाठी या कार्यपद्धतीच्या मर्यादा तपासणे.
३) घरगुती संग्राहकाला उपयुक्त ठरेल अशा नोंदपद्धतीची दिशा सुचविणे.

सूची म्हणजे काय?

सूची म्हणजे केवळ नावांची यादी नव्हे. चार्ल्स कटर यांनी १८७६ मध्येच ग्रंथालयीन सूचीची तीन कार्ये सांगितली होती : हवा तो ग्रंथ सापडावा, संग्रहात काय काय आहे ते कळावे आणि निवडीस साहाय्य व्हावे. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांपैकी वाचकाचा वेळ वाचविण्याचे सूत्र सूचीलाच सर्वाधिक लागू पडते. चित्रपटांच्या बाबतीत हा विचार अधिक गुंतागुंतीचा होतो. आंतरराष्ट्रीय चित्रपट संग्रहालय महासंघाच्या २०१६ च्या सूचीकरण नियमपुस्तिकेत कृती, तिची रूपांतरे, तिची प्रकाशित आवृत्ती आणि प्रत्यक्ष हाती असलेली प्रत असे चार स्तर मानले आहेत. ‘पिंजरा’ ही १९७२ ची एक कृती आहे. तिचा हिंदी अवतार हे रूपांतर. एखाद्या कंपनीने काढलेली तिची व्हीसीडी ही आवृत्ती. आणि कपाटातील, पहिल्या तबकडीवर ओरखडा पडलेला संच ही प्रत. घरगुती संग्राहकाजवळ खऱ्या अर्थाने असते ती प्रत. सॉफ्टवेअर मात्र त्याला माहिती पुरविते ती प्रामुख्याने कृतीविषयी. पुढील विवेचनाचा गाभा या विसंगतीत आहे.

सॉफ्टवेअरची कार्यपद्धती :

या प्रणालींचे स्थूलमानाने दोन वर्ग करता येतात. पहिला वर्ग वस्तूकडून सुरुवात करतो. ‘मूव्ही कलेक्टर’मध्ये तबकडीच्या वेष्टनावरील बारकोड वाचला की मध्यवर्ती माहितीकोशातून शीर्षक, कलावंत आणि मुखपृष्ठ आपोआप भरले जाते. ‘अँट मूव्ही कॅटलॉग’ हे विनामूल्य सॉफ्टवेअर संकेतस्थळांवरून माहिती उतरवून घेते. दुसरा वर्ग संगणकातील फाइलपासून सुरुवात करतो. ‘कोडी’ ही प्रणाली फोल्डर तपासते, फाइलच्या नावावरून चित्रपट ओळखते आणि त्याची माहिती बाहेरून आणते. ही माहिती येते ती १९९० मध्ये सुरू झालेल्या आयएमडीबीसारख्या किंवा वापरकर्त्यांनी मिळून घडविलेल्या टीएमडीबीसारख्या कोशांतून.

या पद्धतीचे लाभ नाकारता येत नाहीत. पाचशे तबकड्यांची नोंद हाताने करण्यास जे आठवडे लागले असते ते काही तासांत आटोपते. उसनी दिलेली तबकडी कोणाकडे आहे, एकच चित्रपट दोनदा विकत घेतला आहे काय, या व्यावहारिक प्रश्नांची उत्तरे तत्काळ मिळतात. तथापि या सोयीमागे एक गृहीतक दडलेले आहे. संग्रहातील प्रत्येक वस्तू जगाला आधीच ठाऊक आहे आणि तिचे वर्णन कोणीतरी आधीच करून ठेवले आहे, असे हे सॉफ्टवेअर धरून चालते. मराठी संग्रह या गृहीतकाला ठिकठिकाणी छेद देतो.

मराठी संग्रहाच्या कसोटीवर :

प्रथम शीर्षकाचा विचार करू. ‘अँट मूव्ही कॅटलॉग’मध्ये ‘मूळ शीर्षक’ आणि ‘अनुवादित शीर्षक’ असे दोन रकाने आहेत. परदेशी चित्रपट स्वभाषेत पाहणाऱ्या प्रेक्षकासाठी ही विभागणी सोयीची आहे. परंतु प्रभात फिल्म कंपनीच्या द्वैभाषिक चित्रपटांचे काय करावे? ना. ह. आपटे यांच्या कादंबरीवर आधारलेला १९३७ चा ‘कुंकू’ हिंदीत ‘दुनिया न माने’ म्हणून, १९३९ चा ‘माणूस’ हिंदीत ‘आदमी’ म्हणून, तर १९४१ चा ‘शेजारी’ हिंदीत ‘पडोसी’ म्हणून निर्माण झाला. ही हिंदी रूपे मागाहून केलेली भाषांतरे नव्हेत. तो चित्रपट दोन भाषांत घडविला गेला. ‘कुंकू’ मूळ आणि ‘दुनिया न माने’ अनुवादित, अशी नोंद केल्यास चित्रपटाचा इतिहासच चुकीचा लिहिला जातो. उलट दोन स्वतंत्र नोंदी केल्यास त्यांचे नाते पुसले जाते. नोंदींमधील परस्परसंबंध दाखविण्याची सोय असणे हीच येथील खरी गरज आहे.

दुसरा प्रश्न समान नावांचा आहे. आचार्य अत्रे यांचा ‘श्यामची आई’ १९५३ चा. त्याच नावाचा दुसरा चित्रपट २०२३ चा. फाइलच्या नावात वर्ष नसेल तर आपोआप जुळणी करणारी प्रणाली सत्तर वर्षांचे अंतर सहज ओलांडू शकते. व्हीसीडीच्या बाबतीत तर अडचण आणखी मुळाशी आहे. व्हीसीडीवरील चित्रफाइलचे नाव प्रमाणानुसार ठरलेले असते. त्यामुळे कोणतीही व्हीसीडी संगणकात उतरविली तरी ‘एव्हीसेक ०१’ याच नावाची फाइल हाती येते. ‘सांगत्ये ऐका’ असो वा ‘धूमधडाका’, प्रणालीच्या दृष्टीने दोन्ही एकच. नाव देण्याचे काम येथे माणसालाच करावे लागते.

तिसरा प्रश्न लिपीचा. रोमन लिपीत ‘माणूस’ हे शीर्षक एके ठिकाणी दोन ‘ओ’ घालून, तर दुसरीकडे ‘यू’ने लिहिलेले आढळते. शोध घेणाऱ्याला नेमके कोणते रूप नोंदले आहे हे ठाऊक नसेल तर चित्रपट असूनही तो सापडत नाही, आणि कटर यांचे पहिलेच कार्य विफल होते. देवनागरी नोंद हा त्यावरील उपाय. युनिकोडमुळे तो आज सुलभही झाला आहे. तरीही अकारविल्हे लावताना एक बारकावा उरतो. युनिकोडच्या संकेतक्रमात ‘ळ’ हे अक्षर ‘ल’नंतर लगेच येते, तर मराठी वर्णमालेच्या रूढ क्रमात ते ‘ह’नंतर येते. जे सॉफ्टवेअर केवळ संकेतांकानुसार क्रम लावते, ते ‘शाळा’ हे शीर्षक ‘शाहीर’ या शब्दाच्या आधी ठेवील; मराठी कोश पाहण्याची सवय असलेला वाचक मात्र ते नंतर शोधील.

चौथा प्रश्न श्रेयाचा आहे. ‘अँट मूव्ही कॅटलॉग’च्या तयार रकान्यांत दिग्दर्शक, निर्माता, लेखक, संगीतकार आणि कलावंत आहेत; गीतकारासाठी स्वतंत्र रकाना नाही. मराठी चित्रपटाच्या परंपरेत ही उणीव गौण मानता येत नाही. ‘पिंजरा’ची ओळख जशी राम कदम यांच्या संगीताने होते तशीच जगदीश खेबुडकर यांच्या गीतांनीही होते. ग. दि. माडगूळकर तर पटकथा, गीत आणि अभिनय या तिन्ही नात्यांनी चित्रपटांत वावरले. माडगूळकरांचे योगदान असलेले आपल्या संग्रहातील सर्व चित्रपट दाखविण्यास जी सूची असमर्थ ठरते, ती मराठी रसिकाच्या दृष्टीने अपुरीच म्हटली पाहिजे. एखाद्या सूचीत कोणते रकाने असावेत हा निर्णय तांत्रिक वाटतो; प्रत्यक्षात चित्रपट म्हणजे काय, याविषयीची एक भूमिका त्यात व्यक्त होत असते.

वस्तूची नोंद आणि काळाचा प्रश्न :

कृतीविषयीची माहिती आज नाही तर उद्या कोठून तरी मिळू शकेल. हाती असलेल्या प्रतीची माहिती मात्र संग्राहकाखेरीज दुसऱ्या कोणाजवळही नसते. तबकडी कोणत्या कंपनीची, चित्रपट किती मिनिटांचा आहे, त्यातील एखादे गीत वा प्रसंग गाळला आहे काय, छापील वेष्टन मूळचे आहे काय, तबकडी शेवटपर्यंत चालते काय, या बाबी माहितीकोशात सापडणार नाहीत. एका व्हीसीडीवर साधारणतः सव्वा तासाचे चित्रण मावत असल्याने पूर्ण लांबीचा मराठी चित्रपट दोन तबकड्यांवर येई. त्यांपैकी दुसरी हरवली असेल तरीही सूचीमध्ये मुखपृष्ठासह संपूर्ण चित्रपट दिमाखात दिसत राहतो. अशी सूची संग्राहकाला खोटा दिलासा देते.

येथे काळाचा प्रश्न निकडीचा आहे. जपानमधील फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआरचे उत्पादन थांबविले आणि घरगुती व्हीसीआरच्या निर्मितीचा अध्याय संपला. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयाने २०१५ मध्येच चुंबकीय फितींसाठी २०२५ ही मुदत सांगून सावध केले होते. फितीची झीज आणि ती चालविणाऱ्या यंत्रांचा अभाव ही त्यामागील दोन कारणे. ही मुदत आता उलटून गेली आहे. म्हणून प्रत्येक नोंदीत माध्यमाचा प्रकार, ते चालविण्यास लागणारे यंत्र, अखेरच्या तपासणीची तारीख आणि संगणकीय प्रत केली आहे किंवा नाही, हे रकाने अत्यावश्यक ठरतात. कोणती फीत आधी उतरवून घ्यावी याचा निर्णय अशाच नोंदीच्या आधारे घेता येतो.

कोशाबाहेरचे चित्रण :

घरगुती संग्रहाचा एक भाग तर कोणत्याही कोशात सापडणे शक्यच नाही. लग्नाची कॅसेट, बारसे, वास्तुशांत, शाळेचे स्नेहसंमेलन, पैठणच्या नाथषष्ठीच्या यात्रेचे हौशी चित्रण अशा फिती व्यावसायिक चित्रपटांशेजारीच ठेवलेल्या असतात. प्रणालीने या फितींचा शोध घेतला तर ‘नोंद सापडली नाही’ असे उत्तर येते, अथवा नामसाधर्म्याने भलत्याच चित्रपटाचे चित्र त्यांना चिकटते. पुष्कळदा संग्राहक त्यांना सूचीतून वगळूनच टाकतो.

वास्तविक संग्रहातील सर्वांत मौल्यवान भाग हाच होय. ‘अशी ही बनवाबनवी’ची आणखी एक प्रत अन्यत्र मिळेल, लग्नाच्या कॅसेटची बहुधा मिळणार नाही. त्या कॅसेटमध्ये केवळ वधूवर नसतात. तीस वर्षांपूर्वीचे घर, अंगण, पंगत, पोशाख, बोलीचे उच्चार आणि आज हयात नसलेली माणसे तिच्यात असतात. चितेगावसारख्या, शेती आणि कारखाना यांच्या सीमेवर वसलेल्या गावातील असे चित्रण हे सामाजिक इतिहासाचे साधन ठरू शकते. मात्र त्यासाठी चित्रणातील व्यक्ती ओळखणारे कोणीतरी असावे लागते. घरातील वडीलधाऱ्या माणसाला शेजारी बसवून नावे, नाती, गाव आणि तिथी टिपून घेणे हेच या सूचीकरणाचे खरे काम होय. हौशी चित्रणांचे हे मोल ओळखून २००३ पासून विविध देशांत ‘होम मूव्ही डे’ साजरा केला जातो. त्यामागील विचार मराठी घरांनाही तितकाच लागू आहे.

आक्षेप आणि उत्तर :

यावर असा आक्षेप घेता येईल की, बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये आपल्या गरजेनुसार नवे रकाने जोडता येतात. तेव्हा दोष साधनाचा नसून वापरणाऱ्याचा आहे. हा आक्षेप अंशतः मान्य करावा लागेल. तथापि जे आपोआप भरले जाते तेच पूर्ण मानण्याची सवय साधनच लावते, हेही तितकेच खरे. मुखपृष्ठांनी सजलेली यादी पाहून काम संपल्याचे समाधान होते आणि जे केवळ आपणच लिहू शकतो ते लिहावयाचे राहून जाते.

निष्कर्ष :

१) सॉफ्टवेअरने आणलेली माहिती हा सूचीचा आरंभ मानावा, शेवट नव्हे. कृतीचे वर्णन कोशातून घ्यावे. प्रतीचे वर्णन मात्र वस्तू हाती घेऊन स्वतः करावे.
२) शीर्षक देवनागरीत, वर्षासह नोंदवावे. गीतकार, भाषिक रूपे, माध्यम, यंत्र आणि तपासणीची तारीख यांसाठी स्वतंत्र रकाने जोडावेत.
३) कौटुंबिक चित्रणाची नोंद सर्वप्रथम करावी, कारण त्यातील माणसे ओळखणारी पिढी फितीहून अधिक काळ थांबेलच असे नाही.
४) सॉफ्टवेअरही कालबाह्य होतात. म्हणून सूचीची एक प्रत सीएसव्हीसारख्या साध्या, कोणत्याही संगणकावर उघडणाऱ्या स्वरूपात वेळोवेळी काढून ठेवावी.
५) महाविद्यालयांतील मराठी, इतिहास आणि ग्रंथालयशास्त्र या विभागांना एकत्रितपणे विद्यार्थ्यांकडून त्यांच्याच घरातील संग्रहांच्या सूची करवून घेता येतील. व्यावसायिक चित्रपटांच्या प्रती वाटण्यावर कायद्याचे बंधन आहे. त्यांच्या नोंदी एकत्र करण्यास ते आड येत नाही. कौटुंबिक चित्रणाच्या नोंदी मात्र संबंधित कुटुंबाच्या संमतीनेच खुल्या कराव्यात.

पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने १९६४ पासून भारतीय चित्रपटाच्या जतनाचे जे कार्य केले, त्याची जागा घरगुती संग्रह घेऊ शकणार नाही. परंतु संग्रहालयापर्यंत जे कधीच पोहोचणार नाही ते आज घरांतच आहे, आणि त्याची नोंद घरातील माणसानेच करावयाची आहे. सॉफ्टवेअर त्याला रकाने देईल. त्यांत काय लिहावयाचे हे त्यालाच ठरवावे लागेल.