मिनिटे नकोत, ग्रॅम सांगा

गिर्यारोहकांच्या हलक्या गॅस-स्टोव्हच्या खोक्यावर बहुधा एकच आकडा ठळक असतो : लिटरभर पाणी अमुक मिनिटांत उकळते. हा झाला वेग. पाठीवर वाहायचा असतो तो गॅस. २० अंश सेल्सियसचे लिटरभर पाणी ९० अंशांपर्यंत तापवायला ७० किलोकॅलरी लागतात. (उकळी नेमकी कधी फुटली, यावर दोघांचे एकमत होत नाही, म्हणून ९०.) ग्रॅमभर ब्यूटेन जळून सुमारे ११ किलोकॅलरी मिळतात. तेवढ्यात गॅसची डबी १० ग्रॅमने हलकी झाली, तर कार्यक्षमता ६४ टक्के. ज्योत मोठी केली की मिनिटे घटतात. पण ज्वाळा भांड्याच्या कडेने निसटतात आणि ग्रॅम वाढतात. म्हणजे जाहिरातीतला विक्रम बहुधा उधळ्या ज्योतीचाच! वारा होता का, भांड्यावर झाकण होते का, हेही खोक्यावर सहसा नसते.